खूणगाठ

माझ्या आजीला लिहिता-वाचता येत होते, तरी आठवणीसाठी तिने कधी कागद वापरला नाही. दुपारी भांडी घासताना एकदम काही सुचले, की ओला हात लुगड्याला पुसून ती पदराचे टोक पुढे ओढून घेई आणि काठाच्या अगदी कडेला एक छोटी, घट्ट गाठ मारी. गवळ्याचा हिशेब करायचा आहे, धाकट्या आत्याकडे डिंकाचे लाडू पाठवायचे आहेत, रहाटाचा दोर बदलायचा आहे, असे एकेक काम एकेका गाठीत बसलेले असे. दिवेलागणीच्या आधी ती पदर चाचपून पाही, आणि बोटांना गाठ लागली की ते काम तिच्या मनात लख्ख उभे राही. लहानपणी मला याचे फार नवल वाटे. गाठीवर काहीच लिहिलेले नसे. सुती कापडाला पडलेला थोडासा पीळ, एवढेच ते होते. तरीही तो पीळ टिकून आहे तोवर आठवण टिकून आहे, यावर तिचा पूर्ण विश्वास होता. पुढे शाळेत 'खूणगाठ बांधणे' हा वाक्प्रचार आला, तेव्हा मला त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

गाठ हा शब्द पुन्हा माझ्यापुढे आला तो मामांच्या आजारपणात. मामा टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. गावातले कोणते घर कोणाचे, कोणत्या घरातला मुलगा कुठे नोकरीला, कोणाची मनिऑर्डर कुठून येते, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. 2011 च्या श्रावणात ते देवळातून घरी येताना रस्ता चुकले. पंधरा दिवसांत त्यांचा उजवा हात आपोआप झटके देऊ लागला, दसऱ्यापर्यंत बोलणे तुटक झाले, आणि दिवाळीनंतर ते मामींनाही ओळखेनासे झाले. मार्गशीर्षात ते गेले. क्रॉइट्सफेल्ट-याकोब हे त्या आजाराचे नाव. तो वर्षाला दहा लाख माणसांत एका-दोघांना होतो, बहुतेक वेळा त्याचे कारण सापडत नाही, आणि त्याच्यावर आजवर उपाय नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासणीच्या कागदाच्या मागच्या बाजूला पेनाने दोन आकृत्या काढून मला तो समजावून सांगितला. पहिली आकृती वळणावळणाची, सैलसर होती. दुसरी चपटी आणि घट्ट. "एका प्रथिनाची घडी बदलते," ते म्हणाले, "आणि मग ते शेजारच्यालाही आपल्यासारखं करून घेतं. त्यांच्या गाठी होत जातात." तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. अकरावीला विषाणूंचा भाग संपत आला की प्रिऑन नावाचा एक लहानसा परिच्छेद येतो. चुकीची घडी पडलेले संसर्गजन्य प्रथिन, गाईंमधला मेंदूचा रोग आणि माणसातला त्याचा भाऊबंद, इतके सांगितले की तो संपतो. मामांच्या आधी मी तो अनेक वर्षे तसाच शिकवला होता. त्यांच्यानंतर मात्र तो परिच्छेद वर्गात वाचताना माझा आवाज बदलू लागला, आणि त्या शब्दाविषयी जे काही मिळेल ते वाचायचे असे मी ठरवले. शत्रूची माहिती असावी, एवढाच तेव्हा हेतू होता. पण वाचत गेले तसतसे माझ्या ध्यानात येत गेले की ज्या हिकमतीने मामांची सारी ओळख पुसून टाकली, तीच हिकमत सजीव सृष्टी कितीतरी ठिकाणी काही तरी जपण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी वापरते. हे मान्य करायला मला वेळ लागला, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहावेसे वाटते.

आधी ती हिकमत काय आहे ते सांगते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती पेशीत तयार होताच वळते, दुमडते आणि एक ठराविक घडी घेते. तिचे काम त्या घडीवर अवलंबून असते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 साली असे मांडले की मेंढ्यांमधल्या स्क्रेपी या रोगाचा कारक जिवाणू किंवा विषाणू नसून निव्वळ प्रथिन आहे, आणि त्याला त्यांनी प्रिऑन हे नाव दिले. हे प्रथिन स्वतःच्याच जातीच्या निरोगी प्रथिनाला भिडते, त्याची घडी मोडून आपल्यासारखी करून घेते, आणि मग ती दोन्ही मिळून तिसऱ्याला भिडतात. डीएनए किंवा आरएनए नसलेली वस्तू रोग पसरवू शकते, हे त्या काळी बहुतेकांना पटण्यासारखे नव्हते. 1997 साली प्रुसिनर यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

मामा अंथरुणाला खिळले होते त्या दिवसांत मी मामींच्या सोबतीला राहत असे. रात्री सगळे आवरल्यावर मामी दूध विरजायच्या. कोमट दुधात करंगळी बुडवून पाहायच्या, चटका बसता कामा नये आणि गारही लागता कामा नये. मग आदल्या दिवशीच्या कवडी दह्यातले अर्धा चमचा विरजण भांड्याच्या कडेने सोडून, वर झाकण ठेवून, भांडे जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. सकाळी सारे भांडे घट्ट झालेले असे, आणि त्यातले चमचाभर दुसऱ्या रात्रीसाठी बाजूला निघे. हे विरजण त्यांच्या सासूबाईंपासून त्या घरात चालत आले होते. डॉक्टरांची ती आकृती मला खऱ्या अर्थाने समजली ती त्या भांड्याकडे पाहताना. अर्धा चमचा सगळ्या दुधाला आपल्यासारखे करतो. उपमा इथे थोडी लंगडी आहे, हे मला कळते: विरजणात जिवंत जिवाणू असतात, ते दूध खाऊन वाढतात आणि दह्याला दहीपण देतात, प्रिऑनमध्ये जिवंत असे काहीच नसते, आकारच आकाराला जन्म देतो. पण 'थोडे ठेवले की पुढचे सगळे तसेच होते', हा विरजणाचा मूळ गुण दोन्हीकडे सारखाच आहे. आणि विरजण ही नासाडीची वस्तू आहे असे मराठी घरात कोणी म्हणणार नाही. ते जपून ठेवण्याची वस्तू आहे.

मामांच्या मेंदूत ज्याची घडी बदलली ते प्रथिन परके नव्हते. ते प्रत्येकाच्या शरीरात असते. त्याचे जनुक आपल्या विसाव्या गुणसूत्रावर आहे, आणि सस्तन प्राण्यांच्या इतक्या निरनिराळ्या जातींत ते इतके थोडे बदलत टिकून राहिले आहे की ते निरुपयोगी असणे अवघडच. पेशीत सुमारे 253 अमिनो आम्लांची साखळी तयार होते, दोन्ही टोकांना काटछाट होते, आणि उरलेले प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर एका स्निग्ध नांगराने अडकून राहते. त्याचा मागचा अर्धा भाग नीट घडीचा असतो. पुढचा अर्धा भाग मोकळ्या शेपटीसारखा हलत असतो आणि तांब्याचे अणू पकडतो. रोगावरून शोध लागल्यामुळे या निरोगी प्रथिनालाही प्रिऑन प्रथिन हेच नाव पडले. मला हा त्याच्यावरचा अन्यायच वाटतो. घरातल्या एकाच्या हातून घडलेल्या गोष्टीवरून साऱ्या घराण्याला ओळखावे, तसे हे झाले आहे.

त्याचे काम काय, हे शोधण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते काढून टाकून काय बिघडते ते पाहणे. झुरिकमध्ये चार्ल्स वाइसमान यांच्या गटाने हे प्रथिन मुळीच नसलेले उंदीर तयार केले आणि 1992 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. उंदीर वाढले, शिकले, त्यांना पिल्ले झाली. ठळक असे काहीच बिघडलेले दिसेना. पुढच्या वर्षी असे दिसले की त्यांना स्क्रेपी टोचली तरी रोग होत नाही. दूधच नसेल तर विरजणाने काय घट्ट व्हावे? या निकालाने रोगाचा उलगडा पक्का झाला, पण त्याचबरोबर असाही समज पसरला की हे प्रथिन नसले तरी चालते. नॉर्वेमध्ये तर निसर्गानेच हा प्रयोग करून ठेवला होता. तिथल्या दुभत्या शेळ्यांच्या एका जातीत या जनुकात अगदी सुरुवातीलाच थांबण्याची खूण आली आहे, त्यामुळे काही शेळ्यांत हे प्रथिन मुळातच तयार होत नाही, आणि त्या चारचौघींसारख्या जगतात.

पण बारकाईने आणि धीराने पाहणाऱ्यांना हळूहळू उणिवा दिसू लागल्या. 1996 साली या उंदरांच्या झोपेची आणि दिवसरात्रीच्या चक्राची लय बदललेली आढळली. 2009 साली त्यांच्या वासाच्या ज्ञानात खोट सापडली. पुरून ठेवलेला खाऊ शोधायला त्यांना अडचण येई. रक्तातल्या मूळ पेशींनी पुन्हापुन्हा स्वतःसारख्या पेशी घडवाव्यात यासाठी हे प्रथिन लागते, असे 2006 साली दिसले. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडवला, तर हे प्रथिन नसलेल्या उंदरांचे नुकसान अधिक होते, हे एकाहून अधिक गटांनी नोंदवले आहे. या सगळ्या नोंदी मी वाचल्या, पण मन थांबले ते मज्जातंतूंच्या कामापाशी.

आपल्या हातापायांत जाणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण असते. विजेच्या तारेवर असते तसे, पण जिवंत, आणि जन्मभर डागडुजी मागणारे. ते वेष्टण श्वान पेशी (हे नाव शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून पडले) तंतूभोवती गुंडाळतात. 2010 साली झुरिकच्याच आद्रियानो आगुत्झी यांच्या गटाने दाखवले की प्रिऑन प्रथिन नसलेल्या उंदरांच्या मज्जातंतूंवरचे हे वेष्टण वय वाढेल तसे झडत जाते. त्यातली खुबी अशी की प्रथिन परत दिले ते मज्जातंतूच्या पेशीत, तर वेष्टण वाचले. श्वान पेशीत दिले, तर वाचले नाही. म्हणजे ज्याच्याभोवती वेष्टण आहे, त्यानेच वेष्टण करणाऱ्याला काही तरी कळवायचे असते. काय कळवायचे, ते 2016 साली उलगडले. प्रथिनाची ती मोकळी शेपटी कापली जाते आणि श्वान पेशीवरच्या एका ग्राहकाला, म्हणजे बाहेरचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, त्याचे नाव जीपीआर 126, जाऊन लागते. त्याने पेशीच्या आत संदेश उमटतो आणि डागडुजी चालू राहते. तरुण उंदरांकडे पाहून ज्याला 'नसले तरी चालेल' म्हटले गेले, ते प्रथिन उतारवयात आपली किंमत सांगते. घराचे छप्पर शाकारणाऱ्या माणसाची आठवण पहिल्या पावसाळ्यात होत नाही, तसे हे आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ यांच्या आई 2010 साली आनुवंशिक प्रिऑन रोगाने गेल्या, आणि पुढच्या वर्षी सोनियांना कळले की ते उत्परिवर्तन त्यांच्याकडेही आले आहे. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या आणि त्यांचे पती एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनात होते. दोघांनीही आपापली क्षेत्रे सोडली, नव्याने विज्ञान शिकले, आणि आज ब्रॉड इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत या रोगावरच काम करतात. शरीरातले निरोगी प्रिऑन प्रथिनच कमी केले तर रोगाला कच्चा माल मिळणार नाही, हा त्यांच्या कामाचा पाया आहे. मग ते प्रथिन किती कमी केलेले चालेल, हे ठाऊक असणे जीवनमरणाचे होते. या जनुकाची एक प्रत निकामी असलेली माणसे निरोगी जगत असल्याचे 2016 साली त्यांच्या गटाने दाखवले. मामांच्या वेळी यातले काहीही आमच्या कानावर नव्हते. त्यांना त्याचा उपयोग झाला नसता, हे मला कळते. तरी त्या दोघांविषयी वाचताना मला दरवेळी भरून येते.

इथवर जे सांगितले ते एका प्रथिनाचे, त्याच्या साध्या घडीचे काम झाले. पण विरजणाची हिकमत, म्हणजे आकार बदलणे आणि तो इतरांना लावणे, हीच कुठे उपयोगाची असू शकते का? याचे पहिले उत्तर यीस्टने, म्हणजे पाव फुगवणाऱ्या एकपेशीय बुरशीने, दिले. ब्रायन कॉक्स यांना 1965 साली यीस्टमध्ये एक विचित्र गुण सापडला होता: तो आईपेशीकडून लेकपेशीकडे जाई, पण जनुकांच्या वाटपाचे नेहमीचे नियम पाळत नसे. तसाच आणखी एक गुण फ्रान्सच्या लाक्रूट यांना 1971 साली आढळला. 1994 साली रीड विकनर यांनी सांगितले की हे दोन्ही गुण म्हणजे प्रिऑन आहेत. डीएनए तेच राहते, एक अक्षर बदलत नाही. बदलतो तो एका प्रथिनाचा आकार, आणि आईपेशीतले थोडे विरजण लेकपेशीत पोचते, म्हणून लेकही तशीच होते. यासाठी एचएसपी 104 नावाचे एक मदतनीस प्रथिन लागते. ते लांब तंतूंचे तुकडे करते, म्हणजे वाटायला पुरेसे कण होतात. मामी विरजण घालताना चमच्याने ते आधी फोडून घ्यायच्या, सबंध गोळा कधी टाकायच्या नाहीत.

कॉक्स यांच्या गुणातले प्रथिन एसयूपी 35 हे आहे, आणि त्याचे काम मला शिक्षिका म्हणून फार आवडते. पेशी जनुकाचा संदेश वाचून प्रथिन बनवते, आणि पूर्णविराम आला की थांबते. तो पूर्णविराम ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे हे प्रथिन. ते प्रिऑन होऊन गोळा झाले की पूर्णविराम अधूनमधून दुर्लक्षिले जातात, पेशी वाक्य ओलांडून पुढचे वाचते, आणि एरवी मुकी राहिलेली अक्षरे प्रथिनांत उतरतात. सुझन लिंडक्विस्ट आणि हेदर ट्रू यांनी 2000 साली दाखवले की अशा यीस्टला काही परिस्थितींत तोटा होतो, पण काही कठीण परिस्थितींत ते साध्या यीस्टपेक्षा चांगले तग धरते. बदल अडचणीचा ठरला तर प्रिऑन गळून पडतो आणि पेशी पूर्वीसारखी होते. जनुकात कायमचे काही न कोरता नवे जगणे करून पाहण्याची ही सोय आहे.

यावर मोठा वाद आहे आणि तो बाजूला सारणे बरोबर नाही. विकनर यांचे म्हणणे असे की हे यीस्टचे रोगच आहेत. उपयोगाचे असते तर रानातल्या यीस्टमध्ये सर्रास दिसले असते, आणि त्यांच्या गटाने तपासलेल्या 70 वाणांत हे दोन प्रसिद्ध प्रिऑन सापडले नाहीत. लिंडक्विस्ट यांच्या गटाने 2012 साली सुमारे 700 वाण तपासले आणि जवळपास एक तृतीयांशांत प्रिऑनसारखे वागणारे गुण असल्याचे सांगितले, त्यांतले बरेच उपयोगी. दोन्ही बाजूंचे लेख वाचल्यावर मला असे वाटते की प्रत्येक प्रिऑनचा निवाडा वेगळा करावा लागेल. पण एका उदाहरणापुढे मी हरखून गेले. यीस्ट ग्लुकोज मिळत असताना दुसऱ्या साखरेकडे वळत नाही. मात्र शेजारचे काही जिवाणू एक रासायनिक संदेश सोडतात, त्याने यीस्टमध्ये प्रिऑन तयार होतो, आणि मग यीस्ट इतर साखराही वापरू लागते व मद्यार्क कमी बनवते. 2014 साली हे प्रसिद्ध झाले. मद्यार्क घटल्याने जिवाणू वाचतात, आणि यीस्टलाही मिश्र अन्नावर बरे जगता येते. दोन निरनिराळ्या जीवांमधला हा समजूतदारपणा एका प्रथिनाच्या घडीत लिहिलेला आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

आपल्या शरीरातही ही हिकमत आहे. विषाणूचा आरएनए पेशीत शिरला की पहारेकरी प्रथिने तो ओळखतात आणि मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकावर, बसलेल्या एमएव्हीएस या प्रथिनाला डिवचतात. 2011 साली डॅलसमध्ये झिजियान चेन यांच्या गटाने दाखवले की डिवचलेले एमएव्हीएस शेजारच्या एमएव्हीएसला आपल्या आकारात ओढते, भराभर तंतू बनतात, आणि पेशी इंटरफेरॉनची, म्हणजे शेजारच्या पेशींना विषाणूपासून सावध करणाऱ्या प्रथिनांची, हाकाटी करते. गावात वणवा लागला की एकाने आरोळी ठोकावी आणि ती ऐकून पुढच्याने ठोकावी, तसे. इथे अर्धवट निर्णय उपयोगाचा नाही, आणि विरजणाच्या पद्धतीत अर्धवट काही राहत नाही. प्रिऑनच्या गाठींची जी विण असते तिला अमायलॉइड म्हणतात. ती विण स्वतःदेखील वाईट नाही: मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आपली काही संप्रेरके अमायलॉइडच्या घट्ट रूपात साठवून ठेवते आणि हवी तेव्हा विरघळू देते, हे 2009 साली कळले. त्या लेखाचे पहिले लेखक समीर माजी पुढे पवईच्या आयआयटीत आले.

आता मूळ गोष्टीकडे येते. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिक यांनी 1984 साली एक छोटे टिपण लिहून एक अवघड प्रश्न पुढे ठेवला होता. मेंदूतले बहुतेक रेणू काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. मग आठवण साठ-सत्तर वर्षे कशी टिकते? आजी सत्तरीत असताना तिच्या माहेरच्या जात्यावरच्या ओव्या एकही शब्द न चुकता म्हणत असे. त्या ओव्या ज्या रेणूंच्या साक्षीने तिने शिकल्या, त्यांतला जवळजवळ एकही तेव्हा शिल्लक नसणार. पाणी सतत बदलत असताना भोवरा मात्र तोच राहतो, तसे काही तरी असायला हवे.

आठवणींचा अभ्यास करणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत कौशिक सी हे मूळचे भारतीय संशोधक समुद्री गोगलगाईच्या चेतापेशींवर काम करत होते. दोन चेतापेशींचा सांधा कायमचा बळकट व्हायचा तर त्या सांध्याजवळच नवी प्रथिने बनत राहावी लागतात, आणि ती बनवायला सांगणारे एक प्रथिन त्यांना सापडले: सीपीईबी. त्याची साखळी पाहताना त्यांच्या लक्षात आले की तिचे एक टोक यीस्टच्या प्रिऑनांसारखे, ग्लुटामिन या अमिनो आम्लाने भरलेले आहे. लिंडक्विस्ट यांच्या मदतीने त्यांनी ते प्रथिन यीस्टमध्ये घालून पाहिले, आणि 2003 साली निकाल आला. प्रथिन दोन रूपांत राहते, एक सुटे आणि एक गुंफलेले; गुंफलेले रूप सुट्याला आपल्यात ओढते; आणि काम करणारे रूप हे गुंफलेलेच आहे. रोगात गुंफण म्हणजे नाश, इथे गुंफण म्हणजे कामाला लागणे. एकदा सांध्यावर अशी गुंफण झाली की जुने रेणू मोडले तरी येणारा नवा रेणू तिथे येऊन तसाच होतो. विरजण चालू राहते.

माशीमध्ये याच प्रथिनाचे नाव ओआरबी 2 आहे. नर फळमाशीला आधीच समागम झालेल्या मादीबरोबर ठेवले तर ती त्याला पुन्हापुन्हा झिडकारते, आणि असे बराच वेळ झाले की तो ते लक्षात ठेवून कित्येक दिवस तशा मादीच्या वाटेला जात नाही. 2012 साली कौशिक सी यांच्या कॅन्सस सिटीतल्या प्रयोगशाळेतून आलेल्या लेखात या प्रथिनातले एकच अमिनो आम्ल असे बदलले होते की त्याला नीट गुंफता येऊ नये. नर शिकला. दुसऱ्या दिवशीही त्याला आठवत होते. पण त्यानंतर आठवण राहिली नाही. म्हणजे शिकण्याला गाठ लागत नाही, टिकण्याला लागते. त्या लेखाचे पहिले लेखक अमिताभ मजुमदार पुढे पुण्याला, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात आले आणि ओआरबी 2 वरचे काम तिथे चालू झाले. गणेशखिंडीतून जाताना माझे लक्ष आता आपोआप त्या बाजूला जाते. 2015 साली आणखी एक सुरेख गोष्ट कळली: सुटे ओआरबी 2 जनुकाच्या संदेशाची शेपटी तोकडी करून प्रथिन बनणे थांबवते, आणि तेच गुंफले की ती शेपटी लांबवून प्रथिन बनवू लागते.

मग मामांच्या मेंदूतल्या गाठीत आणि या गाठीत फरक कोणता? मी बरीच वर्षे याचे उत्तर शोधत होते. एक उत्तर जागेचे आणि वेळेचे आहे. ओआरबी 2 चे जे रूप गुंफणीला सुरुवात करते ते पेशीत अत्यंत थोडे असते, चेतापेशी उत्तेजित झाल्यावरच ते साठते, आणि गाठ पडते ती विशिष्ट सांध्यावर. ती एका माशीतून दुसरीत जात नाही, मेंदूभर पसरत नाही. म्हणूनच जाणकार तिला प्रिऑन न म्हणता प्रिऑनसारखे म्हणतात. दुसरे उत्तर 2020 साली मिळाले. कौशिक सी यांच्या गटाने लाखो माश्यांच्या डोक्यांतून ही खरीखुरी गुंफण वेगळी काढली आणि अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचा आकार पाहिला. तीन पदर एकमेकांना सारखे लगटून बसलेले होते. रोगातल्या गाठींचा गाभा बहुधा पाणी झिडकारणाऱ्या अमिनो आम्लांनी आवळलेला असतो. इथला गाभा पाण्याशी सलगी करणाऱ्या ग्लुटामिनांचा निघाला, आणि त्यात मधूनमधून हिस्टिडिन हे दुसरे अमिनो आम्ल होते. हिस्टिडिनमुळे भोवतालचे आम्लपण थोडे वाढले की ही वीण सैल पडू शकते. घट्ट, पण सुटू शकणारी. ते चित्र मी छापून घेतले आणि डॉक्टरांच्या त्या कागदाशेजारी ठेवले.

या गुंफणीत आठवणीचा मजकूर मात्र नसतो. ती फक्त एक सांधा बळकट धरून ठेवते. तो सांधा कोणत्या जाळ्यातला, कोणत्या अनुभवाने जुळलेला, यात मजकूर असतो, आणि तो त्या एका जिवाबाहेर कोणाला वाचता येत नाही.

काम झाले की आजी नखाने गाठ सोडवी आणि पदराचे टोक मांडीवर ठेवून तळहाताने दाबून सरळ करी. ती गेली तेव्हा दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या लुगड्याच्या पदराला एक गाठ होती. ती कशासाठी मारली होती हे घरात कोणालाच सांगता आले नाही. आईने ती न सोडता लुगडे तसेच घडी करून पेटीत ठेवले.